खरेदीखतामागचा कागद

रविवार, रात्री

घराची फाइल लावताना जुन्या कराराची झेरॉक्स हाती लागली. त्यात अट होती: आमच्या वसाहतीत 'कॉकेशियन' (गोऱ्या या अर्थी) वंशाखेरीज कोणी राहू नये, अपवाद फक्त घरच्या नोकरांचा. घर घेताना दाखवली होती तेव्हा ‘आता ती चालत नाही’ असं ऐकून आम्ही भराभर सह्या केल्या होत्या.

अशी अट का चालत नाही, ते ज्या घराच्या खटल्यात ठरलं ते घर पाहायला आज अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या उत्तरेला, ४६०० लॅबडी अव्हेन्यूला जाऊन आलो. वाटेत कितीतरी विटांची घरं ओस पडलेली. हे दुमजली, १९०६ चं, वर एक बिऱ्हाड, खाली एक. १९९० पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू. एरवी वळूनही पाहिलं नसतं.

१९११ मध्ये इथल्या ३९ मालकांपैकी ३० जणांनी सह्या केल्या: ५० वर्षं ‘निग्रो किंवा मंगोलियन’ (काळ्या किंवा पूर्व आशियाई) वंशाच्या कुणाला इथे राहू द्यायचं नाही. १९४५ मध्ये मिसिसिपीहून आलेल्या जे. डी. आणि एथेल शेली यांनी हे घर घेतलं. पदरी सहा मुलं, आणि अटीचा पत्ताच नाही. त्याच रस्त्यावरचे क्रेमर कोर्टात गेले. खालच्या कोर्टात शेली जिंकले, पण कशावर? तर सगळ्या मालकांच्या सह्या नव्हत्या म्हणून! माणुसकीचा मुद्दा नाही, सह्यांचा. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तेही फिरवलं.

मग वॉशिंग्टन, देशाचं सर्वोच्च न्यायालय. ३ मे १९४८, सहा विरुद्ध शून्य. तीन न्यायमूर्ती सुनावणीलाच बसले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरांवर असल्याच अटी होत्या, असं बोललं जातं. निकालाने करार बेकायदा ठरवला नाही. आपसात हवं ते ठरवा, पण ते अमलात आणायला कोर्टाचा हात मागू नका. सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती आड येते, एवढंच. घर नाकारण्यावर कायद्याने बंदी यायला १९६८ उजाडलं. कागद मात्र राहिला, माझ्या फायलीपर्यंत.

‘कॉकेशियन’ या शब्दाशी मघापासून अडलोय. पंजाबातून अमेरिकेत आलेल्या भगतसिंग थिंड यांनी तोच दाखला देऊन, गोरे म्हणून नागरिकत्व मागितलं होतं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शास्त्र तुम्हाला कॉकेशियन म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. म्हणजे तेव्हा आम्ही या घरात शिरलो असतो ते मागच्या दारानं, भांडी घासायला.

“फाडून टाकू?” हिने विचारलं. नको म्हटलं. खरेदीखताच्या मागे होता तिथेच परत लावला.