जर्मनीतलं घर आणि नसलेलं किचन

घर मिळालं एकदाचं! पण जर्मनीत भाड्याचं घर म्हणजे बऱ्याचदा नुसत्या भिंती, किचनमध्ये ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, छताला दिव्याऐवजी वायरी लोंबतायत, कारण आधीचा भाडेकरू सगळं उचलून घेऊन जातो नाहीतर तुम्हालाच विकतो. मला हे जरा अतीच वाटतं, पण इथे कुणालाच त्यात काही वावगं दिसत नाही.

त्यात राहायला आल्यावर २ आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि पहिल्यांदाच नोंद होत असेल तर टॅक्स नंबर आपोआप पोस्टाने घरी येतो. म्हणून आधी बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावा हां, इथे फ्लॅटला नंबर बहुधा नसतातच, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो. आणि घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची फी घरामागे महिन्याला १८.३६ युरो, आमच्या अहोंचा अजून विश्वास बसत नाहीये.

मुलांचं मात्र भारी चाललंय, रिकाम्या हॉलमध्ये दिवसभर पळापळी. रात्री १० नंतर शांतता पाळायची असते म्हणून तेवढं त्यांना आवरावं लागतं, खालच्या मजल्यावरच्या आजी अजून तरी हसून बोलतायत.