किंगपिन, पिकअप आणि नाशिकचा फोन

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला आल्यावर चौथ्या वर्षी मी १९७० सालची एक फोर्ड एफ-१०० पिकअप घेतली. सरळ रस्त्यावरही ती डावी-उजवीकडे भरकटत असे आणि स्टिअरिंग चार बोटे फिरवल्याखेरीज चाके हलत नसत. इथे गॅरेजची मजुरी तासावर मोजतात, त्यामुळे सुटे भाग मागवून काम स्वतःच करण्याची अनेकांची रीत आहे. नाशिकला मात्र मी साधे पंक्चरही कधी काढले नव्हते. तिथल्या द्वारका चौकात मिस्त्रींच्या हाती किल्ली दिली की माझे काम संपे.

घाईघाईने टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांचे चाकाकडचे सांधे, बदलले, पण फरक पडला नाही. तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यावर अनेक वर्षे ट्रकची कामे केलेल्या मामांना फोन लावला. "पुढचे चाक उचलून स्टँड लाव, वर आणि खाली धरून हलव, आणि सूनबाईंना ब्रेक दाबून धरायला सांग. हलणे थांबले तर बेअरिंग, नाही थांबले तर किंगपिन." बायकोने ब्रेक दाबला, तरी चाकाची वरची कड तशीच हलत राहिली. म्हणजे दोष किंगपिनचा, पुढचे चाक जिच्याभोवती वळते त्या उभ्या पिनेचा.

फोर्डने १९६५ पासून या पिकअपला पुढच्या चाकांसाठी अखंड अ‍ॅक्सलऐवजी दोन स्वतंत्र बीम दिले. प्रत्येक बीमचे एक टोक चाकाशी आणि दुसरे चेसिसच्या विरुद्ध बाजूला असते. फोटो पाहून मामा म्हणाले, "अ‍ॅक्सल मध्येच कापलाय की काय!" किंगपिन मात्र त्यांच्या ओळखीचीच निघाली.

तिला अडवणारी खिळी निघायला तीन दिवस लागले. रोज तेल सोडायचे आणि हातोड्याने ठोकायचे. पिन बाहेर आल्यावर वरचा पितळी बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, एका बाजूने झिजून लंबगोल झालेला आढळला. आधीच्या कोणा कारागिराने तो बसवताना बुशाचे भोक ग्रीस भरायच्या निपलासमोर आणलेच नव्हते, म्हणून बाहेरून कितीही ग्रीस मारले तरी पिनेपर्यंत ते पोचत नव्हते. एवढ्या मोठ्या गाडीचे भरकटणे एका चुकलेल्या भोकापाशी येऊन थांबले, याचे मला अजून नवल वाटते.

नवे बुश मी भोके जुळवून दाबून बसवले, पण रीमर मारण्याचे, म्हणजे ते आतून नेमक्या मापाला घासण्याचे, काम जवळच्या लेथवाल्याकडेच दिले, कारण पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली पाहिजे आणि तरीही हलता कामा नये, हे माप माझ्या हातात नाही. मग गाडीचे वजन पेलणारे थ्रस्ट बेअरिंग घातले आणि वरची फट शिमने, म्हणजे पातळ चकतीने, भरली. शेवटी गाडी जमिनीवर उभी करून टेपने टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरून किती आत वळली आहेत ते, मोजले. या दोन्ही टायरांमधले अंतर त्यांच्या मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला सुमारे ३ मिलिमीटर कमी ठेवले.

वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ झाले, तेव्हा मी लगेच फोन केला. इथे सकाळ होती, नाशिकला संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. मामांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, "स्प्लिट पिना नव्याच घातल्या ना?" नट सुटू नये म्हणून घालायची ही दुमडती पिन मी डाव्या टायरॉडला जुनीच सरळ करून घातली होती. त्याच सकाळी पिकअप पुन्हा जॅकवर चढली.