दाराच्या कोपऱ्यातली शिट्टी

जालन्यात माझे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे वर्कशॉप आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर वाऱ्याच्या आवाजाची तक्रार घेऊन येणारे ग्राहक वाढले. जुन्या रस्त्यांवर गाडी 80 च्या पुढे क्वचितच जात असे. समृद्धीवर कारला ताशी 120 किलोमीटरपर्यंत मुभा आहे. वेग 80 वरून 120 वर गेला की वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा साधारण दहापट होते आणि कानाला तो जवळजवळ दुप्पट वाटतो. त्यामुळे गावात फिरताना कधीच न जाणवणारी फट तिथे ऐकू येऊ लागते.

गेल्या उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका सरांनी मला घरी बोलावले. वडिलांना उपचारांसाठी ते कारने नागपूरला नेत असत आणि डाव्या बाजूने येणाऱ्या तीव्र शिट्टीमुळे वडिलांचे डोके दुखत असे. त्या बाजूच्या पुढच्या दाराला पूर्वी ठोकर बसली होती व ते दुसरीकडे दुरुस्त झाले होते. एका दुकानदाराने चारही दारांना आणि फ्लोअरला डॅम्पिंग शीट लावण्याचा सल्ला दिला होता. खर्च मोठा होता, म्हणून सरांना आधी माझे मत हवे होते.

मी त्यांना थांबायला सांगितले. डॅम्पिंग शीट पत्र्याची थरथर कमी करते, त्यामुळे रस्त्याचा आणि टायरचा घुमणारा आवाज दबतो; फटीतून सुटणाऱ्या हवेची शिट्टी मात्र त्या शीटने थांबत नाही. शिवाय घाईत लावलेल्या शीटने दाराच्या तळाची पाणी निचरण्याची भोके बुजली, तर दार आतून गंजते.

ओट्यावर बसलेले सरांचे वडील, म्हणजे आजोबा, म्हणाले, "मिस्त्री, आवाज आरशाकडून नाही येत, माझ्या कानामागून येतो." आवाजाचा रोजचा त्रास सोसणाऱ्या माणसाचे निरीक्षण मी फार मोलाचे मानतो, म्हणून तपासणी तिथूनच सुरू केली. दाराच्या फटीत दहाची नोट ठेवून दार लावले आणि नोट ओढून पाहिली. ती सगळीकडे अडकत होती, म्हणजे उभ्या गाडीत बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचे रबर, नीट दाबले जात होते. ब्लोअर पूर्ण वेगाने लावून, बाहेरची हवा आत घेऊन, सर्व काचा बंद केल्या आणि दाराच्या कडेने उदबत्ती फिरवली. धूरही हलला नाही.

याच टप्प्यावर बरेच जण दाराला निर्दोष ठरवतात, पण धावणाऱ्या गाडीचे गणित वेगळे असते. ताशी 120 च्या वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 60 किलो वजनाइतका होतो, म्हणजे 80 च्या वेगाच्या सव्वादोनपट. काचेच्या बाजूने वेगात जाणारी हवा दाराची वरची चौकट बाहेर ओढते आणि उभ्या गाडीत जेमतेम टेकलेले रबर तिथे सुटते. या संशयाला आपल्याकडच्या धुळीने पुष्टी दिली. रबर घट्ट दाबले जाते तिथे रंगावर स्वच्छ पट्टा उमटतो; या दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात तो पट्टा बारीक होत जवळजवळ नाहीसा झाला होता.

खात्रीसाठी मी डाव्या सीटवर बसलो आणि सरांनी बाहेरून आरशाचे बूड, पुढच्या काचेची कड व दाराची वरची फट यांवर मास्किंग टेप लावला. महामार्गावर विनाकारण थांबण्यास मनाई आहे आणि ते धोक्याचेही असते, म्हणून दर वेळी इंटरचेंजवरून बाहेर पडूनच आम्ही एकेका जागेचा टेप काढला. आरसा मोकळा केला, काच मोकळी केली, तरी शांतता कायम होती. मागच्या कोपऱ्यावरचा टेप निघाला आणि शंभरच्या अलीकडेच शिट्टी सुरू झाली.

घरी परतून दाराच्या कुलपाजवळ कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरला आणि चौकटीचा वरचा कोपरा हाताने हळूहळू आत दाबला. हे काम ज्याला सराव आहे त्यानेच करावे. जोर जास्त झाला तर रंगाला तडा जातो आणि काच अडकू लागते. चौकट न वाकवता करण्याचा घरगुती उपाय वेगळा आहे. बीडिंग आतून पोकळ असते, त्यात तेवढ्याच भागात बारीक मऊ नळी सरकवली की रबर फुगून टेकते. आम्ही कोपऱ्यात तीही घातली. नंतर रबर ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला. मराठवाड्याच्या उन्हात बीडिंग कडक होत जाते, आणि त्यावर पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लावणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण रबर त्याने अधिकच खराब होते.

संध्याकाळी आजोबांना पुढे बसवून आम्ही पुन्हा समृद्धीवर गेलो. 120 ला वाऱ्याचा सर्वसाधारण घोष होता, शिट्टी नव्हती, आणि आजोबा मागे बसलेल्या मला माझ्या शेतीबद्दल विचारत होते. उरलेला आवाज बहुतांशी टायरचा आणि रस्त्याचा होता. त्यासाठी शीटचा उपयोग होईल, असे मी सरांना सांगितले. त्यांनी आधी जुने टायर बदलायचे ठरवले.