खोली 38 अंशांवर, ग्राफिक्स कार्ड 78 वर

मे महिन्यात अकोल्यात दुपारचा पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरची खोली रात्री दहा वाजतादेखील 38 अंशांखाली उतरत नाही. माझा गेमिंगचा संगणक याच खोलीत आहे आणि त्यात आरटीएक्स 3060 हे दोन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड आहे. डिसेंबरात खोली 22 अंशांवर असताना तासभर खेळल्यानंतर हे कार्ड 64 अंशांवर स्थिरावत असे. मे महिन्यात त्याच गेममध्ये, त्याच सेटिंगवर, आकडा 78 वर गेला आणि पंख्यांची घरघर हेडफोन घातल्यावरही ऐकू येऊ लागली. कार्ड बिघडले, असे मी धरून चाललो. ते चूक होते.

हीटसिंक, म्हणजे कार्डावरचा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा, कार्डातल्या मुख्य चिपची उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडतो, त्यामुळे चिप त्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. कार्ड तेवढीच वीज घेत असेल आणि पंख्यांचा वेगही तोच असेल, तर चिप आणि हवा यांच्या तापमानांतील फरक जवळजवळ कायम राहतो; खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण दहा अंशांनी तापते. माझ्या कार्डाचा हा फरक डिसेंबरात 42 होता आणि मे महिन्यात 40, कारण उन्हाळ्यात पंखे अधिक जोराने फिरत होते. म्हणजे कार्ड अगदी ठणठणीत होते. परीक्षणांमध्ये दिलेले आकडे बहुधा 20 ते 25 अंशांच्या खोलीत मोजलेले असतात, आणि ते विदर्भातल्या मे महिन्याशी ताडून पाहिले की माणूस उगाच घाबरतो.

मर्यादेचे म्हणाल, तर या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने आरटीएक्स 3060 साठी 93 अंश, तर आरटीएक्स 4090 साठी 90 अंश ही कमाल मर्यादा सांगितली आहे. त्या मर्यादेला पोहोचल्यावर कार्ड आपला वेग स्वतःहून कमी करते आणि तरीही तापमान वाढतच राहिले तर संगणक बंद पडतो. किंबहुना वेग त्याच्या कितीतरी आधीपासून, थोडाथोडा, कमी होत असतो. तरीही मर्यादेला टेकून रोज तासन्‌तास खेळणे मला पटत नाही. खेळताना 80 अंशांपर्यंत मी निर्धास्त असतो, 80 ते 85 दिसल्यास आधी खोलीचे तापमान पाहतो, आणि त्यापुढे आकडा टिकून राहिला तर कॅबिनेट उघडतो.

मात्र हा सगळा हिशेब एका आकड्याचा झाला, आणि कार्डात मोजण्याची ठिकाणे अनेक असतात. चिपवरचा सर्वांत तप्त बिंदू, म्हणजे हॉटस्पॉट, तो अनेक कार्डांवर वेगळा दाखवला जातो. 2019 मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या आरएक्स 5700 मालिकेच्या कार्डांवर हा आकडा 110 पर्यंत दिसू लागल्यावर बरीच ओरड झाली, तेव्हा ते अपेक्षित मर्यादेतच आहे असे एएमडीने स्पष्ट केले होते. माझ्या मते हॉटस्पॉटच्या आकड्यापेक्षा त्याचे चिपच्या तापमानापासूनचे अंतर अधिक बोलके असते. माझ्याकडे ते 13-14 अंश आहे. तेच 25 च्या पुढे गेले असते, तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णतावाहक लेप (थर्मल पेस्ट) वाळला किंवा हीटसिंक नीट बसला नाही, असा संशय मी घेतला असता. आरटीएक्स 3080 किंवा 3090 वापरणाऱ्यांनी मेमरीचे तापमानही पाहावे, कारण त्यांतली जीडीडीआर 6 एक्स प्रकारची मेमरी, मुख्य चिप सत्तरीत असतानाही, शंभरीपार जाऊ शकते.

तापण्याइतकाच तापून पुन्हा थंड होण्याचाही त्रास असतो. 2008 मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या जोडणीतल्या कमकुवत साहित्यापायी 15 ते 20 कोटी डॉलरचा खर्च बाजूला काढला होता. वारंवारच्या तापमानबदलांनी ती जोडणी तडकत असे.

कार्ड ठीक असले तरी घरघर सहन होत नव्हती, म्हणून कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तोच गेम पुन्हा चालवला. तापमान 7 अंशांनी उतरले, म्हणजे खोट कार्डात नसून कॅबिनेटच्या हवेत होती. पुढच्या जाळीवर धूळ आणि कापसाचे तंतू यांचा नमद्यासारखा थर बसला होता; कापसाच्या गावात राहिल्यावर हे व्हायचेच. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होण्याची भीती असते.

खरा फरक मात्र व्होल्टेज कमी केल्याने पडला. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणून आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिपचे व्होल्टेज 1.05 वरून 0.9 वर आणले की त्या भागातला खर्च सुमारे चतुर्थांशाने घटतो. गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांपैकी तीन-चार फ्रेम गेल्या, त्याची मला खंत नाही. जाळी साफ करून आणि व्होल्टेज उतरवून, झाकण लावलेल्या कॅबिनेटमध्ये कार्ड त्याच 38 अंशांच्या खोलीत 67 वर राहू लागले.

महागडा हीटसिंक किंवा जास्तीचे पंखे घेऊन चिप थंड झाली असती. पण कार्डाने घेतलेली 170 वॅट वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरली असती. आता कार्ड सुमारे 125 वॅट घेते. खोलीतला पाण्याचा कूलर मात्र मी खिडकीशी सरकवला आहे, कारण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येत होता आणि आमच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार आत जावेत, अशी माझी इच्छा नाही.