बाबांचं नान

परवा बाबांचा फोन. "अरे, मेंटेनन्स भरायला गेलो तर हे मला नान खायला सांगतंय."

स्क्रीनशॉट मागवला. सोसायटीचं पेज, छान मराठीत, आणि एकूण रक्कम या रकान्यात इंग्रजी अक्षरांत 'नॅन'. म्हणजे 'नॉट अ नंबर', पण बाबांनी वाचलं नान, त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा.

मी नेहमीचे मंत्र म्हटले. कंट्रोल एफ५ करा, कॅशे उडवा, इन्कॉग्निटोत उघडा, तो ॲडब्लॉकर बंद करा. बाबा बिचारे सगळं करत गेले आणि नान काही हलेना. शेवटी मीच घरी जाऊन एफ१२ दाबलं, म्हटलं कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर पेजच्या चुका दाखवतो त्या खिडकीत, लाल काहीतरी असेलच. काही नाही! एकदम स्वच्छ.

पूर्वी सायबर कॅफेत इंटरनेट एक्सप्लोरर किती बोंबलायचा आठवतंय? खाली कोपऱ्यात पिवळा त्रिकोण, मध्येच डबा यायचा, लाइन अमुक, कॅरॅक्टर तमुक, स्क्रिप्ट पुढे चालू ठेवू का, येस की नो. आपण काहीही दाबलं तरी तो परत यायचाच. वैताग होता, पण निदान काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळायचं. नॅनचं तसं नाही. तो एरर धरलाच जात नाही, आणि गंमत म्हणजे जावास्क्रिप्टला, म्हणजे पेजमागची स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात तिला, त्याचा टाइप (प्रकार) विचारला तर उत्तर येतं, नंबर. नंबर नाही, पण टाइप नंबर. ही भाषा ब्रेंडन आयकनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली म्हणून लोक तिला बरंच काही ऐकवतात, पण नॅन ही काही त्यांची करणी नाही, कॉम्प्युटरच्या अपूर्णांकांच्या (फ्लोटिंग पॉइंट) आकडेमोडीच्या जुन्या नियमांतूनच तो आलाय.

मग माझं लक्ष क्षेत्रफळाच्या चौकटीकडे गेलं. बाबांनी टाइप केलं होतं ६५०. आपल्या आकड्यांत, मराठी कीबोर्डवरून.

झालं! ब्राउझरच्या लेखी आपलं शून्य म्हणजे २४०६ नंबरचं अक्षर आणि इंग्रजी शून्य ४८ नंबरचं, दोघांची ओळख नाही. स्क्रिप्टमध्ये आकडा बदलून घ्यायची एक ओळ टाकली की काम होतं, पण लिहिणाऱ्याला ते सुचलंच नसणार. टेस्टिंग करताना मराठी आकडे कोण टाइप करतं? (मी पण नाही करत, खरं सांगायचं तर.)

"आकडे इंग्रजीत टाका बाबा."

"पेज मराठीत आहे ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कीबोर्ड बदलला, चष्मा वर केला, एकेक आकडा शोधून दाबला. तीन रुपये चौरस फुटाचा हिशोब लगेच झाला आणि रक्कम आली: १,९५०. मराठी आकड्यांत.

बाबांनी माझ्याकडे फक्त बघितलं.