घाटी आणि चिंकी

आज कॅन्टीनमध्ये चांगलंच वाजलं. टीममधली मणिपूरची मुलगी सांगत होती, सिग्नलला दोघांनी "ए चिंकी" म्हणून हाक मारली. लगेच आमचे एक साहेब, "अगं, मुंबईत आम्हालाही घाटी म्हणतात. आम्ही कुठे मनावर घेतो?"

घाटी मीही ऐकलंय. डोकं फिरतं. मराठी म्हणून घर नाकारल्याचे प्रकारही होतात, ते मान्य. पण "तू नक्की भारतीय ना?" असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. करोनात ईशान्येच्या पोरांना चेहऱ्यावरून 'कोरोना' म्हणून चिडवलं गेलं, दिल्लीत तर मणिपूरच्या एका मुलीवर एकजण थुंकला. त्याआधी जानेवारी 2014 मध्ये लाजपतनगरला अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांची टिंगल झाली, त्यातून मारहाण आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मग ईशान्येच्या लोकांच्या तक्रारी पाहायला केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. अशी वंशवाचक हेटाळणी गुन्हा ठरवा, असं तिने सुचवलं.

हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "म्हणजे आमचं दुःख दुःखच नाही?" आहे की हो! पण तिचं वाक्य तरी पूर्ण होऊ द्यायचं.

त्यांनी विषय इन्क्रिमेंटवर नेला. तिथे मात्र सगळ्यांचं एकमत.