बाळंतपण कुठे आणि बाळंतपण कसे

नैसर्गिक प्रसूती बरी की रुग्णालयातली, हा प्रश्न गर्भारपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यात हटकून पुढे येतो. तसा तो माझ्याही पुढे आला होता. पुष्कळ वाचन आणि विचार केल्यावर माझे मत असे झाले की यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत : बाळंतपण कुठे व्हावे हा एक आणि ते कसे व्हावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी रुग्णालय असे दिले, तर दुसऱ्याच्या बाबतीत नैसर्गिक प्रसूतीचा आग्रह धरणाऱ्यांचे बरेचसे म्हणणे मला मान्य आहे.

रुग्णालय निवडण्याचे मुख्य कारण म्हणजे रक्तस्राव. वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या भिंतीवरील रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि गर्भाशय घट्ट आवळले गेले तरच त्या मिटतात. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. त्यामुळे ते सैल राहिले तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकते, आणि ज्या बाईचे सगळे अहवाल उत्तम होते तिच्याही बाबतीत हे घडते. बाळ जन्मताच गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देण्याची पद्धत यासाठीच आहे. त्यानेही भागले नाही, तर रक्तपेढी आणि शस्त्रक्रियागृह जवळ असावे लागते.

इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार प्रसूतींचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी बाळंत होण्याचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना शेवटी रुग्णालयात हलवावे लागले, आणि बाळाच्या बाबतीत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण त्यांच्यात दर हजारी ९.३ होते, तर रुग्णालयात ते ५.३ होते. ज्यांचे आधी बाळंतपण झाले होते त्यांच्यात मात्र असा फरक दिसला नाही. प्रशिक्षित सुईणी हाताशी असतानाचे हे आकडे आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता दुसरा प्रश्न. रुग्णालयात पोटावर दोन पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख सतत काढला जातो. कूस बदलली की पट्टा सरकतो, आलेख तुटतो, आणि परिचारिका येऊन पुन्हा उताणे निजवते. कळांच्या वेळी उताणे पडून राहण्याइतके अवघड दुसरे काही मला तरी आठवत नाही. आत येणारा प्रत्येक जण आधी कागद पाहत असे, माझ्याकडे नंतर. आणि कमी जोखमीच्या प्रसूतीत अशा सततच्या आलेखामुळे सिझेरियनचे प्रमाण वाढते, पण बाळांचे मृत्यू कमी झाल्याचे दिसत नाही. ठरावीक अंतराने ठोके ऐकणे पुरते. मधल्या वेळात बाईला चालता येते, वाकता येते, कुणाच्या तरी खांद्यावर भार टाकून उभे राहता येते.

घाईचेही तसेच आहे. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत बाजूला ठेवला. पाच सेंटिमीटरनंतरच खरी प्रसूती सुरू झाली असे मानावे आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात, असे त्या सांगतात. योनीमुखाशी सरसकट छेद देऊन टाके घालू नयेत आणि सोबतीला बाईच्या पसंतीचे माणूस असू द्यावे, हेही त्यांत आहे. यांपैकी कशासाठीही घरी बाळंत होण्याची गरज नाही.

एका बाबतीत मात्र नैसर्गिकवाद्यांशी माझे मुळीच जमत नाही. वेदना सोसणे हे काही पुण्यकर्म नव्हे. कळांच्या वेदना शमवणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनमुळे सिझेरियनची शक्यता वाढते, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. मी ते स्वतः मागून घेतले आणि नंतर चक्क तासभर झोपले.

रुग्णालय ठरवताना तिथल्या खोल्या कशा आहेत हे सगळेच पाहतात. मी डॉक्टरांना विचारले ते असे : रात्री दोन वाजता शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतील, रक्त कुठून येईल, आणि सगळे सुरळीत असेल तर मला उठून फिरू द्याल ना? पहिल्या दोन प्रश्नांवर ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ असे उत्तर मिळाले, तर तिथे नाव नोंदवू नये. तिसऱ्या प्रश्नावर नुसते हसू मिळाले, तरीही नोंदवू नये.